झुलालनानांचा फिरकीचा तांब्या

जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधून झुलालनानांना कितीतरी वर्षं झाली, पण "नानांना मी माझ्या घरचा चहा पाजला" असं छातीवर हात ठेवून सांगणारा शेजारी अख्ख्या गल्लीत सापडायचा नाही. नाना बारशाला येतील, साखरपुड्याला येतील, बाराव्याला तर सगळ्यांच्या आधी येऊन बसतील. पण कप पुढे आला की हात जोडून म्हणतील, आत्ताच घेतला. कुठे घेतला, कोणी दिला, ते विचारायचं नाही. मग खांद्यावरच्या पिशवीतून आपला पितळी तांब्या काढायचा, झाकणाची फिरकी उलटी फिरवायची आणि दोन घोट वरून घशात ओतायचे. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. नानांना ते दिसायचं, आणि ते मनात म्हणायचे, हसा लेकहो, पोट धरून बसाल तेव्हा मी हसेन.

तांब्या त्यांच्या वडिलांचा. फिरकीचं झाकण असं घट्ट बसायचं की एसटी उलटी झाली तरी थेंब सांडणार नाही. भरायचा नानांनी, घासायचा नानांनी, खुंटीवर टांगायचा नानांनी. सुगंधाबाईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, नवी नवरी असताना एकदा प्रेमाने घासून ठेवला तर नानांनी तो उन्हात नेऊन हुंगून पाहिला होता. त्या दिवसापासून बाईने त्याला हात लावायचं सोडलं ते सोडलंच. "मन्हापेक्षा त्या तांब्यावर तुम्हना जीव जास्ती शे," असं ती अजून म्हणते, आणि नाना त्यावर नाही म्हणत नाहीत.

पण माणूस उगाच असा होत नाही. नानांचा जन्म गेला कापसात. जिनिंगवर ते ग्रेडर होते. धुळे, पारोळा, पाचोरा, जिथे खरेदी असेल तिथे मालक त्यांना पाठवायचा. काम एवढंच, की आलेल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि सांगायचं, कोरडा की ओला, चांगला की किडकी कवडी. वजन वाढावं म्हणून रात्री पाणी शिंपडून आणलेला कापूस वरून कसा पांढराशुभ्र आणि कोरडा असतो, आणि हात आत गेला की बोटांना कसा गार लागतो, हे नानांनी हजारदा पाहिलेलं. विकणारा गोड बोलायला लागला की यांचा हात आणखी खोल जायचा.

त्यातच उमेदीच्या काळात एक किस्सा झाला. धुळ्याकडच्या एका कापूसवाल्याने नानांना फार आग्रह केला. भाऊ जेवल्याशिवाय गाडी बघायची नाही, म्हणून समोर बसवून तिखटजाळ शेवभाजी खाऊ घातली. तासाभरात नानांच्या पोटात कळा सुटल्या. ते बाभळीआड बसलेले असताना इकडे त्याच माणसाचा भिजवलेला कापूस भराभर काट्यावर चढला आणि गोदामात गेला. मालकाने चार लोकांत नानांची बिनपाण्याने केली. शेवभाजी मुद्दाम घातली की नुसती तेलाने बाधली, देव जाणे. नानांच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं की आग्रह म्हणजे ओला कापूस. तेव्हापासून प्रवासात दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा बंद.

गनीभाईचंही तेच झालं. गनीभाई कल्हईवाला. गल्लीच्या तोंडाशी जमिनीत खड्डा करून भाता लावायचा आणि बायाबापड्या भांडी घेऊन यायच्या. नाना त्याच्यासमोर उकिडवे बसून सगळं बघत. एकदा त्यांनी कथलाची कांडी हातात घेतली, नखाने ओरखडली आणि जाहीर केलं की यात शिसं मिसळलंय. गनीभाई आधी हसला. म्हणाला, नाना, तुमच्या बापापासून तुमची भांडी मी उजळतोय, शिसं असतं तर तुम्ही भांडायला शिल्लक राहिले असते का? पण नानांनी चार बायांसमोर तांब्या उचलला आणि चालू लागले. पुढे गनीभाईने भाताच गुंडाळला. आता तो पोराच्या दुकानात पंक्चर काढायला बसतो. घरात सगळी भांडी स्टीलची झाली होती. राहता राहिला तांब्या, आणि त्यात जायचं नुसतं पाणी. त्याला कल्हई नसली म्हणून काय बिघडतं, असं नानांनी ठरवलं आणि विसरूनही गेले.

तर अशा या माणसाला एकुलती एक मुलगी, सोनल. ती एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिने एका संध्याकाळी बापाला समोर बसवलं आणि सरळ सांगितलं, की त्याच ऑफिसात साइटवर काम बघणारा दीपक म्हणून मुलगा आहे, सोनगीरचा, आणि तिला त्याच्याशी लग्न करायचंय. जात आपली नाही. तांबट आहेत. वडील वारले, आई धुरपदाबाई तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान चालवते.

 नानांना राग जातीचा आला, की पोरीने आधी ठरवून मग सांगितलं याचा आला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण सोनल बापाला ओळखून होती. ती म्हणाली, "नाना, तुम्ही त्यांचं घर बघून या. कापूस बघता तसं आत हात घालून बघा. खोट निघाली तर मी हे लग्न करणार नाही. तुमची ग्रेड मला मान्य."

 नानांची छाती भरून आली आणि त्याच क्षणी त्यांना शंकाही आली, की ही पोरगी इतक्या सहज माझ्यावर सोपवते, म्हणजे यात काहीतरी गोम आहे.

जायचा दिवस ठरला. खानदेशातला उन्हाळा म्हणजे सकाळीच कावळे पंख पसरून बसतात. नानांनी आदल्या रात्रीच विचार करून ठेवला होता. नुसतं पाणी नेलं तर ते लोक म्हणणार, नाना, पाणी ठीक आहे, पण काहीतरी घ्या, सरबत घ्या, चहा घ्या. त्यापेक्षा ताकच न्यावं. ताक पोटात असलं की म्हणता येतं, पोट भरलंय. म्हणून पहाटे सुगंधाबाईने घुसळलेलं आंबटसर ताक, मीठ-जिरं घातलेलं, त्यांनी स्वतः गाळून तांब्यात भरलं आणि फिरकी आवळली. आयुष्यात पहिल्यांदा त्या तांब्यात पाण्याऐवजी ताक गेलं, आणि ते कशापायी, तर न पाहिलेल्या विहीणबाईच्या सरबताच्या भयाने.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. बसचा पत्रा तापून हात लावू देईना. बरोबर आलेल्या सुगंधाबाईने पारोळ्याला खिडकीतून काकड्या घेतल्या, शेजारणीला एक दिली, तिच्याकडचे फुटाणे खाल्ले आणि मजेत बसली. धुळ्याला स्टँडवर ती उसाचा रस प्यायली तेव्हा नानांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. स्वतः मात्र तांब्यातला थेंब घेतला नाही. ताक त्यांनी सोनगीरसाठी राखून ठेवलं होतं.

सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी गावात शिरलं की तांबट गल्लीचा ठोका दुरूनच कानावर येतो. धुरपदाबाईंचं दुकान पुढे, घर मागे. हंडे, घागरी, पराती अशा चकचकीत मांडलेल्या की नानांना आपलंच तोंड दहा ठिकाणी दिसलं आणि ते त्यांना आवडलं नाही. बाई ठेंगणी, डोक्यावरून पदर, बोलायला मोकळी. दीपक अदबीने वाकला. नाना जाजमावर बसले आणि नजरेनेच घरात हात घालू लागले. माठ झाकलेला आहे. ओटा कोरडा आहे. देव्हाऱ्यातलं निरांजन ताजं आहे. खोट काही सापडेना, आणि जसजशी खोट सापडेना तसतसे नाना जास्त अस्वस्थ होत गेले. वरून इतका कोरडा कापूस त्यांनी पाहिला नव्हता.

धुरपदाबाईंनी पाण्याचा तांब्या-पेला पुढे ठेवला. नाना म्हणाले, माझं आहे. आणि पिशवीतून आपला तांब्या काढला. बाईंची नजर त्याच्यावर खिळली. जन्म भांड्यांत गेलेला, तिला राहवलं नाही. "तांब्या जुना दिसतोय, नाना. आणा, आतून घासून ताजं पाणी भरून देते," असं म्हणत तिने हात पुढे केला. नानांनी तांब्या चटकन मांडीआड ओढला. राहू द्या, म्हणाले. बाईंचा हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला. सुगंधाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नानांनी मात्र सगळ्यांच्या देखत फिरकी उघडली आणि अर्धा तांब्या ताक वरून घशात ओतलं. चव जरा तुरट लागली. हिने जिरं जास्त टाकलं असेल, असं त्यांना वाटलं.

मग आला शिरा. या भागात रीत अशी आहे, की सोयरीक बघायला आलेल्या माणसाने पुढे आलेल्या गोडाची वाटी संपवली की समजायचं, पसंत आहे. चमचाभर खाऊन ठेवली तर विचार करू. हातच लावला नाही तर उठायचं आणि निघायचं. सुगंधाबाईला ताटलीत शिरा आला, तो आतल्या मोठ्या पातेल्यातला. नानांना मात्र वेगळी वाटी आली, आणि ती दुसऱ्याच छोट्या पातेल्यातून वाढलेली. नानांच्या डोळ्यांतून हे सुटलं नाही. मला वेगळं का? त्यांनी विचारलं नाही, मनाशी बांधून ठेवलं. एक चमचा जिभेवर ठेवला, गिळला आणि वाटी खाली ठेवली. धुरपदाबाईंनी आग्रह केला, आणखी एक घास घ्या म्हणाल्या. आग्रह ऐकला आणि नाना उठलेच.

फाट्यावर बसची वाट बघताना तहान लागली म्हणून त्यांनी तांब्यातलं आणखी थोडं ताक घेतलं. धुळ्याची बस मिळाली. थोडं अंतर गेलं असेल नसेल, पोटात मुरडा आला. नानांनी दात आवळले. मग मळमळायला लागलं, तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि जे व्हायचं ते झालं. मागच्या खिडकीतल्या माणसाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुगंधाबाई पाठ चोळत विचारत होती, काय व्हयनं, काय व्हयनं, आणि नानांना आता वरच्या अंगाची नव्हे, खालच्या अंगाची काळजी पडली होती. शेवटी लाज सोडून त्यांनी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं.

उतरले खरे, पण पाणी? तांब्यात ताक. सुगंधाबाईकडे तर कधीच पाणी नसतं, ती जिथे जाईल तिथलं पिते. तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या हसीनाबी नावाच्या म्हातारीने आपली पाण्याची बाटली खिडकीतून त्यांच्या हातात दिली. घेऊन जा भाऊ, म्हणाली, सगळी वापरा, धुळे काही लांब नाही. ज्या नानांनी इतकी वर्षं परक्याचं पाणी ओठाला लावलं नव्हतं, ते परक्याच्या पाण्याची बाटली छातीशी धरून काटेरी बाभळीआड पळाले. गाडीतली माणसं हसली नाहीत, एवढी मात्र माणुसकी त्यांनी दाखवली.

परत येऊन बसले तर हसीनाबीने ओढणीच्या गाठीतून चिमूटभर ओवा काढून तळहातावर ठेवला. चावून घ्या, पोटाला आराम पडेल. नानांनी मूठ तोंडाशी नेली, चावल्यासारखं केलं आणि ती मान वळवून बसली तेव्हा ओवा हळूच खिडकीबाहेर सोडून दिला. सुगंधाबाईने बघितलं. तिने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याकडे असं बघितलं, की नानांना नजर खाली घालावी लागली.

धुळ्याला एका दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं का? नानांनी पडल्या पडल्याच ठणकावून सांगितलं, शिरा, सोनगीरला. त्याशिवाय? त्याशिवाय काही नाही, घरचं ताक, ते माझ्या स्वतःच्या तांब्यातलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. नाना सलाइनचे थेंब बघत पडून राहिले आणि एकेक गोष्ट जुळवत गेले. वेगळं पातेलं. वेगळी वाटी. तांब्या मागून घ्यायला आलेला हात. आणि आग्रह. सुगंधाबाई म्हणाली, अहो, मीपण त्याच घरचा शिरा खाल्ला, ताटलीभर खाल्ला, मले काय व्हयनं? तर नाना म्हणाले, तुला मोठ्या पातेल्यातला दिला.  संशयाला औषध असतं तर जळगावात त्याचीच दुकानं जास्त झाली असती.

घरी आले तेव्हा सोनल दारातच उभी होती. नानांनी चपला काढायच्या आधी निकाल सांगितला. माल ओला आहे. वरून दिसत नाही, पण आत खोट आहे. पहिल्याच भेटीत पोटात काय घातलं ते माझ्या आतड्यांना विचार.

सोनलने आईकडे बघितलं. आईने नुसती मान हलवली. तिने बापाला धरून आत नेलं, पाठीमागे उशी ठेवली, पेज करून आणली. नंतर गच्चीवर जाऊन ती दीपकशी फोनवर बोलली. काय बोलली ते खाली ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वेळेवर ऑफिसला जायची, वेळेवर परत यायची, बापाच्या गोळ्या त्याच्या हातात ठेवायची. रडली नाही, भांडली नाही. शब्द दिला होता, तो पाळत होती. पण घरात तिचं गुणगुणणं बंद झालं. नानांना ते पहिले दोन दिवस बरं वाटलं. नंतर त्यांना रात्री झोप लागेना. माल परत पाठवला की ग्रेडरला कशी शांत झोप लागायला पाहिजे. ती का लागत नाही, हे त्यांना कळेना.

आठवडा-दीड आठवडा गेला असेल. नाना हिंडू-फिरू लागले. पाचोऱ्याच्या एका जिनिंगवाल्याने साठवलेला कापूस बघायला त्यांना बोलावलं. सकाळी निघायच्या घाईत त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. त्या दिवसापासून ती तशीच टांगलेली होती. तिला हात लावायची घरात कोणाची छाती नाही, असं नाना धरून चालले होते. तांब्या जड लागला. अरे, उरलेलं ताक तसंच राहिलं की. त्यांनी फिरकी फिरवली. वास आला तो आलाच, पण झाकणाखालचा काठ बघून नाना थिजले. काठाला हिरवानिळा थर चढला होता. कडुनिंबाखाली, उजेडात जाऊन त्यांनी आत बघितलं. आतल्या ताकाचाही रंग तसाच.

मोरचूद. जन्मभर शेतकऱ्यांत वावरलेला माणूस, फवारणीचं मोरचूद ओळखणार नाही? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात जे पहिलं आलं ते असं आलं, की माझ्या तांब्यात हे कोणी टाकलं? नजर आपसूक स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आत सोनल डबा भरत होती.

मग त्यांनी ताक मोरीत ओतलं आणि सवयीने, जसा कापसात घालायचे तसा, तांब्यात हात घातला. बोटं आत फिरवली. कल्हईचा गुळगुळीत गारवा कुठेच नव्हता. खरखरीत, उघडं पितळ. बोटं बाहेर काढली तर हिरवी. पितळेत आंबट ठेवलं तर कळकतं, पोटात गेलं तर आतडी बाहेर येतात, हे खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. नानांची आई तर कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेचं सार केलं म्हणून थोरल्या सुनेला दिवसभर बोलली होती. आणि कल्हई कोणी करू दिली नाही? भर गल्लीत गनीभाईच्या हातून तांब्या कोणी ओढून घेतला?

नाना मोरीपाशी उकिडवे बसून राहिले. वर चिंचेचा डबा होता, चुलीजवळ राख होती. चोळून घासलं असतं तर पाच मिनिटांत तांब्या सोन्यासारखा झाला असता, आणि कोणाला काही कळलं नसतं. पोरीने शब्द पाळलाच होता, विषय संपलाच होता. त्यांनी चिंचेच्या डब्याकडे हात नेलासुद्धा. तेवढ्यात आत सोनलने डब्याचं झाकण दाबून लावलं, आणि त्या आवाजासरशी नानांचा हात मागे आला. त्यांनी हाक मारली.

सोनल आली. त्यांनी हिरवी बोटं तिच्यापुढे धरली आणि तांब्या उलटा करून दाखवला. ती बघत राहिली. नाना आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचत आलेले. पोरीच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही झोपला होता, म्हटलं तांब्या घासून ठेवावा. उघडला आणि तसाच बंद करून ठेवला."

"मग बोलली का नाहीस?"

सोनल भिंतीला टेकून उभी राहिली.  "बोलले असते तर तुम्ही मानलं असतं, नाना? म्हणाला असता, दीपकने शिकवून पाठवलं. म्हणाला असता, पोरीने स्वतःच मोरचूद टाकलं. तुमच्या हाताने उघडल्याशिवाय तुम्हाला खरं वाटलं नसतं. म्हणून मी वाट बघत बसले, की तुम्ही कधी प्रवासाला निघाल."

  थोड्या वेळापूर्वी, तांब्या हातात धरून नानांनी नेमकं त्याच दाराकडे बघितलं होतं.  परक्यांनी फसवू नये म्हणून जन्मभर जो हात आत घालत आलो, तो आपल्या पोरीच्याही काळजापर्यंत नेऊन तिथेही ओल शोधत होतो, आणि तिला ते लहानपणापासून माहीत होतं. ते खाली मान घालून बसले. सुगंधाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"आणि ते वेगळं पातेलं," सोनल म्हणाली, "मीच सांगितलं होतं दीपकला, की माझ्या वडलांना प्रवासात पोटाचं भय वाटतं. म्हणून त्याच्या आईने नवं पातेलं काढलं, पाणी उकळून घेतलं आणि तुमच्यापुरता शिरा दुसऱ्या कोणाचा हात न लागता केला. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून."

एवढं बोलून ती रडली. इतके दिवस रडली नव्हती ती आता रडली, आणि नाना तिच्या डोक्यावर हात ठेवायला उठले, पण बोटं हिरवी होती म्हणून हात वरच्या वर राहिला. मग सोनलनेच तो ओढून डोक्यावर ठेवून घेतला. दीपकला तिने नाही म्हणून सांगितलंच नव्हतं. थांब, एवढंच सांगितलं होतं.

पाचोरा राहिलं. नानांनी धुळ्याची बस धरली. सुगंधाबाई बरोबर येते म्हणाली तर नको म्हणाले, हे माझं मलाच निस्तरू दे. पिशवीत रिकामा तांब्या, न घासलेला. प्रवासात पाण्याचा थेंबही नाही. पारोळ्याच्या पुढे घशाला कोरड पडली तेव्हा शेजारच्या माणसाने बाटली पुढे केली. नानांचा हात पुढे गेला, पुन्हा मागे आला. आज पहिलं पाणी कुठलं प्यायचं ते त्यांनी ठरवलं होतं.

धुरपदाबाई दुकानात बसल्या होत्या. नानांना बघून त्या उठल्या नाहीत. चेहरा सांगत होता की शिऱ्याची बातमी इथवर पोचली आहे. नानांनी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाले, आत हात घालून बघा. बाईंनी दोन बोटं आत घातली, बाहेर काढली, बघितली. तांबटाच्या घरच्या बाईला आणखी काय सांगायचं? बराच वेळ त्या बोटं फडक्याला पुसत राहिल्या.

"माझ्या शिऱ्याला नाव ठेवलं तुम्ही," त्या शेवटी म्हणाल्या.

"ठेवलं," नाना म्हणाले. "खोट माझ्या तांब्यात होती."

बाई उठून आत गेल्या. नाना उभेच राहिले. आत बोलावतील की बाहेरूनच वाटेला लावतील, सांगता येत नव्हतं, आणि दोन्हीला ते तयार होते. बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरला. "दखी ल्या नाना, मंग प्या," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. घाबरट पाहुण्याला घरातलं माणूस जसं सांगेल तसं त्यांनी सांगितलं.

नानांनी पेल्यात बघितलं. सवय एका दिवसात कुठे जाते? तळापर्यंत बघितलं. मग वरून न ओतता, पेल्याला ओठ लावून ते सगळं पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून जाजमावर त्याच जागी बसले.

"त्या दिवशी वाटीत शिरा टाकून गेलो होतो," ते म्हणाले. "तो संपवायला आलोय."

धुरपदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांना पदर लावला, आणि पाठ फिरवून म्हणाल्या, तो तर कधीचाच गाईला घातला, आता नवा करावा लागेल, वेळ लागेल. नाना म्हणाले, लागू द्या, मी बसतो. आतून पातेलं काढल्याचा आवाज आला तसे ते जागेवरूनच म्हणाले, "आणि विहीणबाई, वेगळं पातेलं नका घेऊ."